थायरॉइड कॅन्सर: गेल्या ८० वर्षांत उपचार कसे बदलले आणि पेशंटचं पुढे काय होतं?

एरवी इथे आपण प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा सेन्सर असल्या गोष्टी उलगडून बघतो. आज गळ्यातल्या एका फुलपाखरासारख्या ग्रंथीबद्दल बोलायचंय. विषय वेगळा वाटेल, पण यात अणुभट्टी आहे, गॅमा कॅमेरा आहे, जीन टेस्ट आहे आणि आकडेवारी कशी फसवते याचं एक जबरदस्त उदाहरणही आहे.

मी दापोड्यात राहतो. भिवंडीजवळचं हे गाव तुम्हाला नावाने माहीत नसेल, पण तुमचं ऑनलाइन मागवलेलं एखादं पार्सल इथल्या गोडाउनमधून नक्की गेलं असेल. गोडाउनमध्ये काम करणारे बहुतेक जण विशी-तिशीतले. हल्ली सगळ्यांच्या फोनवर 'फुल बॉडी चेकअप'च्या ऑफर येतात. सॅम्पल घरी येऊन नेतात, रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते, आणि डॉक्टरकडे जाण्याआधी माणूस तो गूगलवर टाकून रात्रभर जागा राहतो. माझ्या वहिनीला तीन वर्षांपूर्वी पॅपिलरी थायरॉइड कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिओआयोडीन झालं, आता ती व्यवस्थित आहे. तेव्हापासून ओळखीतला कुणीही थायरॉइडचा रिपोर्ट आला की तो मला फॉरवर्ड करतो. मी डॉक्टर नाही. तुमच्या केसचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार. पण त्या पीडीएफमधले शब्द काय सांगतात आणि डॉक्टर आज जे सुचवतात ते वीस वर्षांपूर्वी का सुचवत नव्हते, एवढं कळलं तरी समोर बसून नीट प्रश्न विचारता येतात.

आधी प्रकार समजून घ्या

'थायरॉइड कॅन्सर' हे एका आजाराचं नाव नाही. चार मुख्य प्रकार आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात जास्त दिसतो तो पॅपिलरी. तरुण बायकांमध्ये सापडतो तो बहुतेक वेळा हाच. मानेतल्या गाठींमध्ये म्हणजे लिम्फ नोडमध्ये पसरतो, तरीही बहुतेक पेशंट पूर्ण आयुष्य जगतात. दुसरा फॉलिक्युलर. आहारात आयोडीन कमी असलेल्या भागांत याचं प्रमाण जास्त असतं. आयोडीनयुक्त मीठ आल्यावर पॅपिलरीचा वाटा वाढतो, असं बऱ्याच देशांत दिसलंय. आपल्याकडे गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. गलगंड कमी होण्यामागे ते मिठाचं पाकीट आहे, हे आपण विसरून गेलोय. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या दोघांना मिळून 'डिफरन्शिएटेड' म्हणतात, कारण या पेशी अजून थायरॉइडसारख्या वागतात, आयोडीन शोषतात. पुढची अर्धी गोष्ट या एका सवयीवर उभी आहे.

तिसरा मेड्युलरी. हा वेगळ्या पेशींपासून होतो, आयोडीन शोषत नाही, रक्तात कॅल्सिटोनिन वाढवतो. काही पेशंटमध्ये तो रेट नावाच्या जीनमधल्या बिघाडामुळे घराण्यात चालत येतो, म्हणून भावंडांची आणि मुलांची जीन टेस्ट करायला सांगतात. चौथा ॲनाप्लास्टिक. हा दुर्मिळ, बहुतेक म्हाताऱ्या माणसांत होणारा आणि माणसाला होणाऱ्या सगळ्यात वाईट कॅन्सरांपैकी एक. इथे हिशोब बऱ्याचदा महिन्यांत असतो.

त्यामुळे कुणी 'थायरॉइडचा कॅन्सर म्हणजे काही नाही हो' म्हणालं की मला राग येतो. कुठला, हे आधी विचारा.

९८ टक्के या आकड्यातली गोम

२०२२ साली जगभरात थायरॉइड कॅन्सरचे सुमारे ८ लाख २१ हजार नवे पेशंट नोंदले गेले, आणि त्या वर्षी या आजाराने मृत्यू झाले सुमारे ४७ हजार. साधारण चारपैकी तीन पेशंट बायका. अमेरिकेत पाच वर्षांचा 'रिलेटिव्ह सर्व्हायव्हल' ९८ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे त्याच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत हे पेशंट जवळपास तितकेच जगतात.

छान आकडा आहे. पण तो वर्षानुवर्षं वाढत का गेला, हे बघायला हवं. समजा एका गावात दरवर्षी १० जणांना गाठ जाणवते, त्यातले ८ जण पाच वर्षांनी जिवंत असतात. सर्व्हायव्हल ८० टक्के. आता गावात सोनोग्राफीचं मशीन आलं आणि आणखी ९० जणांच्या अगदी बारीक गाठी सापडल्या, ज्या आयुष्यभर कुणाला त्रास देणार नव्हत्या. आता १०० पेशंट, त्यातले ९८ जिवंत. सर्व्हायव्हल ९८ टक्के! पण मेले किती? आधीही दोन, आताही दोन. एकही जास्तीचा जीव वाचला नाही, वर ९० माणसांच्या नावापुढे 'कॅन्सर पेशंट' लागलं.

अशा गाठी खरंच असतात का? फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इतर कारणांनी मेलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइडचे बारीक काप करून तपासले. त्यातल्या ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर सापडला. त्यातल्या कुणालाही तो माहीत नव्हता. म्हणजे शोधत गेलात तर सापडतोच.

कोरियात काय झालं

हे नुसतं गणित नाही. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हता, पण हॉस्पिटलांनी थोड्या जास्तीच्या पैशात गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना निदान झालं. आणि मृत्यू? दरवर्षी तीन-चारशे, आधीही आणि नंतरही. निदान झालेल्यांपैकी जवळपास सगळ्यांचं ऑपरेशन झालं. काहींचा आवाज बसला, काहींना कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या चिकटल्या. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी याविरुद्ध जाहीर आवाज उठवला आणि पुढच्या वर्षभरात ऑपरेशनं एक तृतीयांशाहून जास्त कमी झाली.

२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या लोकांनी १२ श्रीमंत देशांचा हिशोब मांडला. दोन दशकांत ४ लाख ७० हजार बायका आणि ९० हजार पुरुष गरज नसताना थायरॉइड कॅन्सरचे पेशंट ठरले असावेत, असा त्यांचा अंदाज. २०१७ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवा कृती दलाने स्पष्ट सांगितलं की काही लक्षण नसलेल्या मोठ्या माणसांची थायरॉइड कॅन्सरसाठी सरसकट तपासणी करू नका.

आपल्याकडे? मुंबईत १९६३ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीने शहराची कॅन्सर नोंदवही ठेवली आहे, लोकसंख्येवर आधारलेली ती देशातली पहिली. भारतातल्या अशा नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर तिरुअनंतपुरममधल्या बायकांमध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. केरळात तपासण्या सहज होतात, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडे उलटी तऱ्हाही आहे. एकीकडे ॲपवरून पॅकेज घेऊन ६ मिलिमीटरची गाठ शोधून घाबरणारा पोरगा, दुसरीकडे मानेवर लिंबाएवढी गाठ वर्षानुवर्षं पदराखाली झाकून फिरणारी बाई. दोन्ही मी दापोड्यातच पाहिलेत. पहिल्याला थांबवायचं आणि दुसरीला ओढून न्यायचं, हे एका फॉरवर्ड मेसेजने होत नाही.

रेडिओआयोडीन: आयोडीनच्या वेषातलं औषध

आता माझा आवडता भाग. थायरॉइड हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, म्हणून ही ग्रंथी रक्तातलं आयोडीन चुंबकासारखं ओढून घेते. साधं आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यातला फरक तिला कळत नाही. मग किरणोत्सारी आयोडीन प्यायला दिलं तर? ते स्वतःहून थायरॉइडच्या पेशींत जाऊन बसेल. शरीरात कुठेही लपलेल्या असोत, फुप्फुसात की हाडात.

१९४१ मध्ये बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरने हे पहिल्यांदा थायरॉइड जास्त चालणाऱ्या पेशंटवर वापरलं. कॅन्सरसाठी त्याचं नाव झालं ते १९४६ मध्ये, न्यूयॉर्कच्या सॅम्युअल सायडलिन यांच्या केसमुळे. त्यांच्या पेशंटची थायरॉइड ग्रंथी आधीच काढलेली होती, तरी शरीरात हार्मोन जास्त होतं! कारण शरीरभर पसरलेला कॅन्सरच हार्मोन बनवत होता. किरणोत्सारी आयोडीन दिल्यावर ते नेमकं त्याच जागांवर जमा झालं. कॅन्सर पेशीला तिच्या सवयीवरून पकडून मारायचं, ही आज सगळीकडे मिरवली जाणारी 'टार्गेटेड' कल्पना इतकी जुनी आहे.

वापरतात ते आयोडीन-१३१. याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं. आठ दिवसांत निम्मं, सोळा दिवसांत पाव, आणि ८० दिवसांत हजारातला एक भागही उरत नाही. यातून दोन प्रकारचे किरण निघतात. बीटा कण पेशीसमूहात एक-दोन मिलिमीटरच जातात, त्यामुळे जवळच्या पेशी मरतात आणि लांबच्या बऱ्याच अंशी वाचतात. गॅमा किरण शरीराबाहेर येतात, त्यामुळे गॅमा कॅमेऱ्याने फोटो काढता येतो की औषध कुठे कुठे पोचलं. एकाच औषधात उपचारही आणि लोकेशन ट्रॅकिंगही!

हे येतं कुठून? आपल्या इथून फार लांब नाही, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून. तिथे १९५६ मध्ये अप्सरा, १९६० मध्ये सायरस आणि १९८५ मध्ये ध्रुव या अणुभट्ट्या सुरू झाल्या. भट्टीत टेल्युरियमच्या संयुगावर न्यूट्रॉनचा मारा करतात. टेल्युरियमचं रूपांतर होत होत आयोडीन-१३१ तयार होतं, ते तापवून वेगळं काढतात आणि कॅप्सूल किंवा द्रावणाच्या रूपात हॉस्पिटलांना पाठवतात. हे वाटपाचं काम अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' ही संस्था बघते, तिचं मुख्यालय वाशीला. गोडाउनवाल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल: हा माल शेल्फवर ठेवता येत नाही. तयार झाल्या क्षणापासून तो संपत असतो, म्हणून अमुक तारखेला अमुक वाजता किती ताकद उरेल याचा हिशोब करूनच पाठवावा लागतो. आमच्याकडच्या कुठल्याही एक्स्पायरी डेटपेक्षा कडक.

परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. त्याला लागूनच टाटाच्या ॲनेक्स इमारतीत १९६३ पासून भाभा केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर चालतं. थायरॉइडच्या पेशंटला आयोडीन देण्याचा या जागेचा अनुभव साठ वर्षांचा आहे. भट्टी, औषध आणि पेशंट एकाच शहरात, असं जगात फार कमी ठिकाणी असेल. मांकोली नाक्यावरून ठाणे आणि तिथून स्लो लोकलने परळ, हा प्रवास भिवंडी तालुक्यातल्या कित्येक घरांना पाठ आहे.

डोस कमी का झाला

आधी साधा नियम होता. कॅन्सर निघाला की पूर्ण थायरॉइड काढा, मग आयोडीनचा मोठा डोस द्या, मग आयुष्यभर गोळी. प्रत्येकाला तेच पॅकेज. गेल्या पंधरा वर्षांत तो नियम एकेक विटेने सुटत गेला.

२०१२ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले. कमी धोक्याच्या पेशंटमध्ये उरलेली थायरॉइड जाळायला ३० मिलिक्युरीचा डोस १०० मिलिक्युरीइतकाच उपयोगी पडला. २०२२ मध्ये फ्रान्समधल्याच पुढच्या चाचणीने आणखी पुढचा प्रश्न विचारला: अशांना आयोडीन दिलंच नाही तर? तीन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. आज म्हणूनच लहान, ग्रंथीतच राहिलेल्या गाठीसाठी डॉक्टर आयोडीन टाळू शकतात. पण कॅन्सर लांब पसरला असेल, तर आयोडीन अजूनही मुख्य हत्यार आहे. शेजारणीला दिलं आणि मला दिलं नाही, म्हणून डॉक्टर हलगर्जी आहेत असं समजू नका. उलटही नाही.

ऑपरेशनचंही तसंच. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी १ ते ४ सेंटिमीटरच्या कमी धोक्याच्या गाठीसाठी अर्धीच ग्रंथी काढायचा पर्याय मान्य केला. अर्धी राहिली की काहींना गोळीची गरजच पडत नाही, आणि मुख्य म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आणि आवाजाची नस यांना निम्माच धोका. २०१६ मध्ये तर पॅपिलरीसारख्या दिसणाऱ्या, आवरणात बंद असलेल्या एका प्रकाराच्या नावातून 'कॅन्सर' हा शब्दच काढून टाकला. एका बैठकीत हजारो माणसं कॅन्सरमुक्त!

आणि सगळ्यात धाडसी प्रयोग जपानचा. कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३ पासून १ सेंटिमीटरपर्यंतच्या पॅपिलरी गाठींना हात न लावता नुसती ठराविक काळाने सोनोग्राफी करायला सुरुवात झाली. २०१४ मध्ये त्यांनी १,२३५ पेशंटचा हिशोब दिला. दहा वर्षांत साधारण ८ टक्क्यांची गाठ ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढली, ४ टक्क्यांहून थोड्या कमी जणांत लिम्फ नोडमध्ये गेली. अशांचं मग ऑपरेशन केलं. कॅन्सरने एकही मेला नाही. एक नवलाची गोष्ट: तरुण पेशंटमध्ये गाठ वाढण्याची शक्यता जास्त होती, म्हाताऱ्यांमध्ये कमी. 'तरुण आहे, थांबू शकतो' हा आपला अंदाज इथे उलटा पडतो.

आपल्याकडे हा पर्याय ऐकायला सोपा, पाळायला अवघड. दर सहा-बारा महिन्यांनी त्याच हाताची चांगली सोनोग्राफी हवी, माणूस गाव-नोकरी बदलून गायब व्हायला नको. आणि घरात आई, सासू, आत्या सगळ्या 'कॅन्सर आहे आणि काढत नाही?' म्हणत असताना शांत बसणं हे ऑपरेशनपेक्षा कठीण असू शकतं.

ज्यांना आयोडीन चालत नाही

काही पेशंटमध्ये पेशी आयोडीन शोषणंच सोडून देतात. मेड्युलरी आणि ॲनाप्लास्टिकमध्ये तो प्रश्नच नाही. पूर्वी इथे डॉक्टर हात टेकायचे. २०११-१२ मध्ये अमेरिकेत मेड्युलरीसाठी वँडेटानिब आणि कॅबोझँटिनिब मंजूर झाली, २०१३ आणि २०१५ मध्ये आयोडीनला दाद न देणाऱ्या कॅन्सरसाठी सोराफेनिब आणि लेन्व्हॅटिनिब. या रोजच्या गोळ्या कॅन्सरची वाढ रोखून धरतात. बरं करत नाहीत, आणि ब्लड प्रेशर, जुलाब, तळहात-तळपायांची आग असे त्रास देतात. २०१८ मध्ये बीरॅफ नावाच्या जीनमध्ये ठराविक बदल असलेल्या ॲनाप्लास्टिकसाठी दोन औषधांची जोडी मंजूर झाली, आणि २०२० मध्ये रेट जीनवाल्या कॅन्सरसाठी सेल्परकॅटिनिब. ज्या ॲनाप्लास्टिक पेशंटच्या घरच्यांना पूर्वी 'घरी घेऊन जा' सांगायचे, त्यांची आता आधी जीन टेस्ट होते. सगळ्यांना फायदा होत नाही, औषधं महाग आहेत, पण दार उघडलंय.

पीडीएफ उघडल्यावर

मला सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणारा शब्द 'टायरॅड्स ४'. समोरचा रडकुंडीला आलेला असतो, कारण त्याने तो 'स्टेज ४' असा वाचलेला असतो. काहीही संबंध नाही! टायरॅड्स हा सोनोग्राफीत गाठ कशी दिसते याचा १ ते ५ असा संशयाचा क्रमांक आहे. ४ म्हणजे मध्यम संशय. जास्त वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पद्धतीत ४ असेल तर गाठ दीड सेंटिमीटरच्या वर गेल्यावर, आणि ५ असेल तर १ सेंटिमीटरपासून सुईची तपासणी सुचवतात. या सुईच्या तपासणीला एफएनएसी म्हणतात, आणि तिच्या रिपोर्टवर 'बेथेस्डा' आकडा असतो, १ ते ६. २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कॅन्सर, आणि १ म्हणजे 'सगळ्यात चांगलं' नाही! १ म्हणजे सुईत पुरेशा पेशीच आल्या नाहीत, पुन्हा करा.

खरी स्टेज ऑपरेशननंतर ठरते, आणि तीही विचित्र आहे. २०१८ पासून लागू झालेल्या पद्धतीत पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर असलेला ५५ वर्षांखालचा माणूस फक्त स्टेज १ किंवा २ मध्येच असू शकतो. फुप्फुसात गेला असला तरी २. हे वय आधी ४५ होतं. रेषा सरकली आणि कित्येक पेशंटची स्टेज एका रात्रीत खाली आली.

नंतरच्या वर्षांत दोन आकडे सोबत राहतात: टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन. पूर्ण ग्रंथी काढून आयोडीन दिल्यावर थायरोग्लोब्युलिन जवळपास शून्य असायला हवं. ते चढायला लागलं तर कुठेतरी पेशी उरल्यात. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर हा हिशोब तसा लागू नाही. इथे एक गोष्ट खास तुमच्या वयाच्या लोकांसाठी. केस-नखांसाठीच्या गमी आणि गोळ्यांमध्ये बायोटिन असतं. ते काही लॅबच्या टेस्टमध्ये घोळ घालतं आणि थायरोग्लोब्युलिन खोटंच कमी दाखवू शकतं. म्हणजे आजार परत येतोय आणि रिपोर्ट हसतोय. रक्त देण्याआधी काही दिवस ते बंद ठेवायचं, किती दिवस ते डॉक्टरांना किंवा लॅबला विचारायचं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. आमच्या वहिनीच्या फोनवर पहाटे पाचचा अलार्म त्यासाठीच आहे.

मोबाइलमुळे होतो का?

हा प्रश्न येणारच. थायरॉइड कॅन्सरशी पक्कं नातं सिद्ध झालंय ते आयनीभवन करणाऱ्या किरणांचं, तेही मुख्यतः लहानपणी. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातात हेच आयोडीन-१३१ हवेत, गवतात आणि तिथून दुधात गेलं. ते दूध प्यायलेल्या मुलांमध्ये २००५ पर्यंत ६ हजारांहून जास्त थायरॉइड कॅन्सर नोंदले गेले. तोवर त्यातल्या मृत्यूंची संख्या होती १५. फोनच्या लहरींमध्ये अणू फोडण्याइतकी ऊर्जाच नसते. २०११ मध्ये या लहरींना 'शक्यता असू शकते' या गटात टाकलं होतं, ते मुख्यतः मेंदूच्या गाठींवरच्या मर्यादित पुराव्यामुळे. फोनमुळे थायरॉइड कॅन्सर होतो याचा ठोस पुरावा नाही. मानेत गाठ लागतेय, आवाज तीन-चार आठवडे घोगरा आहे, गिळताना अडकतंय, घरात कुणाला मेड्युलरी झालाय किंवा लहानपणी मानेवर रेडिएशन झालंय, तर मात्र दाखवा.

आयोडीनच्या खोलीत फोन चालतो का?

चालतो. पण आधीची तयारी सांगतो. आयोडीन द्यायच्या आधी एक-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार असतो, म्हणजे पेशी उपाशी ठेवायच्या. आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद. आगरी-कोळी घरात सुकट-बोंबील बंद म्हणजे शिक्षाच! आयोडीन असलेलं इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर ते आधीच सांगायचं, कारण त्यामुळे उपचार महिना-दोन महिने पुढे ढकलावा लागतो. गरोदर बाईला हे औषध देतच नाहीत, स्तनपान आधीच थांबवावं लागतं, आणि नंतर सहा महिने ते वर्षभर दिवस राहू देत नाहीत.

डोस मोठा असेल तर वेगळ्या खोलीत राहावं लागतं. तिथल्या संडासाचं पाणी थेट गटारात जात नाही. वेगळ्या टाकीत साठवून किरणोत्सार उतरल्यावरच सोडतात. औषध घामातून, थुंकीतून आणि लघवीतून बाहेर पडतं, म्हणून खोलीत नेलेली वस्तू दूषित होऊ शकते. फोन पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा, टचस्क्रीन त्यावरूनही चालते. बाहेर पडताना पिशवी तिथेच टाकायची आणि फोन मीटरने तपासून घ्यायचा. केबल लांब न्या, प्लग बऱ्याचदा पलंगापासून दूर असतो. इअरफोन जुने न्या, कारण ते कानात घालतो आणि धुता येत नाहीत. घरी आल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर, वेगळं अंथरूण, भरपूर पाणी. किती दिवस, ते सुटताना कागदावर लिहून देतात. विमानप्रवास असेल तर तो कागद जवळ ठेवा, कारण विमानतळावरचे संवेदनशील डिटेक्टर नंतर कित्येक आठवडे वाजू शकतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन आणि आयोडीन बसतं का, हे हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा, बिल झाल्यावर नाही. रेशन कार्ड आणि आधारचे फोटो फोनमध्ये असले तरी मूळ कागद सोबत घ्या.